यात काय घातलंय?

मुठीत तांब्याची तीन नाणी, पायांवर सकाळपासूनची धूळ आणि पोटात काहीच नाही. साल 79. पॉम्पेईच्या एका तिठ्यावर तुम्ही थांबला आहात. समोर काटकोनात बांधलेला ओटा, ओट्यात गळ्यापर्यंत पुरलेले मातीचे रांजण आणि पलीकडे हातात पळी घेऊन घामाघूम उभा असलेला माणूस. अशी खाण्याची ठिकाणं या गावात ऐंशीच्या आसपास आहेत. गरिबांच्या एकेका खोलीत चुलीला जागा नाही, त्यामुळे गावकरीही इथेच जेवतात आणि बंदरातून चालत आलेला तुमच्यासारखा परकाही इथेच.

तुम्हाला लॅटिन येत नाही. पण ओट्याच्या दर्शनी भागावर चित्रं आहेत. माना खाली सोडून टांगलेली दोन बदकं, एक कोंबडा, पट्ट्याने बांधलेला एक कुत्रा. रंग ताजे आहेत, कोंबड्याचा तुरा तर नुकताच रंगवल्यासारखा. तुम्ही बदकावर बोट ठेवता. माणूस रांजणात पळी बुडवतो आणि वाडगा भरतो. तपकिरी, दाट, वाफाळतं कालवण. त्यात आंबवलेल्या माशांचं पाणी आहे, इथे त्याला गारुम म्हणतात. ज्याच्या घरी पावसाळ्यासाठी सुकट भरून ठेवलेली असते, त्याला हा वास परका वाटणार नाही.

वाडगा तोंडाला लावण्याआधी तुम्ही विचारता. कोणत्या भाषेत विचारता याला महत्त्व नाही, कारण हा प्रश्न भुवया आणि बोटांनीही विचारता येतो. यात काय घातलंय?

तो पुन्हा बदकाकडेच बोट दाखवतो.

खरं उत्तर यायला 1941 वर्षं लागली. 2020 साली पुरातत्त्वज्ञांनी राखेखालून हाच ओटा मोकळा केला तेव्हा भांड्यांत बदकाच्या हाडाचा तुकडा सापडला. म्हणजे माणूस खोटं बोलला नव्हता. पण त्याच जागी डुक्कर, बकरी, मासा आणि गोगलगाय यांचेही अवशेष होते. वाईनच्या भांड्याच्या तळाशी दळलेल्या बाकल्याच्या दाण्यांचा थर होता. वाईनचा रंग आणि चव सुधारायला तो घालत. मला यात फसवणूक दिसत नाही. जे मिळालं ते एका भांड्यात शिजवणं ही जगभरच्या गरिबांची रीत आहे, आणि तुम्ही दिवसभराचे उपाशी आहात. ते कालवण चांगलं लागतं.

पण भीती खोटी नव्हती. पुढच्याच शतकातल्या गॅलेन या वैद्याने लिहून ठेवलं आहे की डुकराच्या नावाखाली माणसाचं मांस विकणारे खाणावळवाले पकडले गेले होते. याच पॉम्पेईत एका गिऱ्हाइकाने भिंतीवर खरडलं आहे की मालक आम्हाला पाणी विकतो आणि निर्भेळ वाईन स्वतः पितो. दुसऱ्या एका भिंतीवर सरळ भाव आहेत: एक आस, म्हणजे एक तांब्याचं नाणं, दिला तर पिता येईल, दोन दिले तर बरी मिळेल, चार दिले तर फालेर्नियन. हा भिंतीवरचा भाव वाचून मला दरवेळी समाधान वाटतं. परक्या गावात भाव लिहिलेला दिसला की अर्धी धास्ती तिथेच जाते.

इथून उत्तरेला, डोंगरातल्या एसेर्निया गावी सापडलेली एक शिळा आज लूव्र संग्रहालयात आहे. तिच्यावर सरायवाला आणि निघालेला प्रवासी यांचा हिशेब कोरला आहे. वाईन आणि पाव मिळून एक आस. कालवण दोन आस. खेचराचा चारा दोन आस. कालवण आणि चारा यांच्या मधल्या ओळीत एका मुलीची किंमत आहे, आठ आस. परक्या माणसाचं पोट भरणाऱ्या जागेत आणखी काय काय विकलं जात होतं हे सांगणारी ती ओळ वगळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही.

पुढचं पाऊल फार लांब नाही. आखात तेच, पॉम्पेईवर राख टाकणारा डोंगर तोच, फक्त 1708 वर्षं उलटली आहेत. 1787 चा मे महिना, नेपल्स.

रस्त्यात काठ्यांवर मॅकरोनी वाळत घातली आहे. मे महिन्यात आपल्या अंगणात बाजेवर शेवया वाळतात, तसंच दृश्य, फक्त इथे अंगण म्हणजे अख्खी गल्ली. कोपऱ्यावर मोठं पातेलं उघड्यावर उकळतंय. विकणारा झाऱ्याने मॅकरोनी उपसतो, वर किसलेलं चीज भुरभुरतो आणि तुमच्या हातात देतो. टोमॅटो नाही, तो या पातेल्यापर्यंत पोचायला अजून बरीच वर्षं आहेत. काटा-चमचा नाही. शेजारचा हमाल मान मागे टाकतो, हात उंच धरतो आणि लांबच लांब दोऱ्या तोंडात सोडतो. तुम्हीही तसंच करता. बोटं भाजतात, हनुवटीवर पाणी ओघळतं. जर्मन कवी गटे याच सुमारास या गावात आहे आणि इथली स्वस्त मॅकरोनी त्याच्याही नजरेत भरली आहे.

इथे तुम्हाला तो प्रश्न विचारावा लागला नाही. पीठ, पाणी, चीज, सगळं डोळ्यांसमोर. युरोपातल्या कुठल्याही शहरात आजही मी नवख्या माणसाला हेच सांगते की जिथे पातेलं दिसतं तिथे खा.

तेवढ्यात एक बग्गी थांबते. आत उत्तरेकडून आलेले दोन श्रीमंत प्रवासी आहेत. ते खायला उतरत नाहीत. ते नाणी फेकतात, हमालाला. त्याने पुन्हा एकदा मान मागे टाकून मूठभर मॅकरोनी खाऊन दाखवावी म्हणून. तो दाखवतो, त्याला ते पैसे हवे आहेत. इथल्या गरिबांचं जेवण हा त्या काळी परदेशी पाहुण्यांचा एक ठरलेला तमाशा होता, आणि पुढे त्याची चित्रं आणि फोटोही विकले गेले. तुम्ही दोघांच्या मध्ये उभे आहात, तोंडात घास आहे, आणि कोणाकडे बघावं ते कळत नाही.

1788, पॅरिस. पुण्यात सवाई माधवराव पेशवे आहेत आणि कारभार नाना फडणवीसांच्या हाती आहे. इथे तुम्ही एका सरायखान्यात उतरला आहात आणि जेवायची वेळ झाली आहे. वेळ तुमची नाही, यजमानाची. तुमची भूक तासाभराने लागणार असेल तर ती तुमची अडचण. लांब मेज, भोवती दहाबारा अनोळखी माणसं. याला 'ताब्ल दोत' म्हणतात, यजमानाचं मेज. पैसे ठरलेले, पदार्थ ठरलेले, भांडी मधोमध.

तुम्हाला जागा मिळते अगदी टोकाला. मधल्या जागा रोजच्या गिऱ्हाइकांच्या. भांडं टेकतं न टेकतं तोच त्यांचे हात पोचलेले असतात. चांगला तुकडा गेला, मग बरा गेला, मग रस्सा गेला. तुमच्याकडे सरकतो तो हाडांचा तळ. तुम्ही भिडस्त आहात, सावकाश चावून खाणारे आहात आणि मागायची भाषा तुम्हाला येत नाही. सेबास्तियाँ मर्सिए या पॅरिसच्याच लेखकाने आपल्या शहराचं चित्रण करताना हे मेज परदेशी माणसाला असह्य होतं हे नोंदवलं आहे. मधल्या जागा अडवून बसणारी गिऱ्हाइकं, न थकणारे जबडे, सावकाश चावणाऱ्याची फजिती, सगळं त्याच्याकडे आहे. पैसे भरून उपाशी उठणं कसं असतं हे त्याने बघितलं होतं.

आपल्या पंगतीची आठवण इथे येणारच. पंगतीत वाढपी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जातो, आणि शेवटच्या पानाला जिलबी मिळाली नाही तर तो यजमानाचा अपमान असतो. ही व्यवस्था मला त्या मेजापेक्षा कितीतरी माणुसकीची वाटते. पण पंगतीत बसायला कोणाला मिळत होतं आणि कोणाला अंगणाबाहेर थांबावं लागत होतं, हेही त्याच दमात आठवतं. पॅरिसच्या त्या मेजाने तुमची जात विचारली नाही. हाडं दिली, पण विचारली नाही.

आज रात्री मात्र तुम्हाला एक वाटाड्या भेटतो आणि तो तुम्हाला दोन गल्ल्या पलीकडे नेतो. तिथे 'रेस्तोराँ' मिळतं. हा शब्द अजून जागेचा पुरता झालेला नाही. मुळात ते एका कढणाचं नाव, अशक्त माणसाला उभं करणारं, तासन् तास आटवलेलं मांसाचं पाणी. 1760 च्या दशकात या शहरात असं कढण विकणारी दुकानं निघाली आणि त्यांच्यासोबत तीन गोष्टी आल्या, ज्यांनी परक्या माणसाचं आयुष्य बदललं. तुमचं स्वतःचं लहान मेज. तुमच्या भुकेची वेळ. आणि पदार्थांपुढे किंमत लिहिलेला कागद. मला विचाराल तर युरोपने पाहुण्याला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट हा कागद आहे. तुम्ही कढण मागवता. ते एकट्या तुमच्यासाठी येतं. कोणाचाही हात त्यात पडत नाही.

या कागदाचं पुढे काय झालं ते बघायला सत्तावीस वर्षं पुढे चला. 1815 चा शरद ऋतू. नेपोलियन हरला आहे आणि पॅरिसच्या रस्त्यांवर रशियन, प्रशियन, इंग्रज, ऑस्ट्रियन सगळ्या फौजांचे गणवेश आहेत. पॅले-रोयालजवळ आंत्वान बोविलिए याच्या भोजनगृहासमोर गाड्यांची रांग आहे. आत मेणबत्त्या, पांढरे रुमाल आणि वर्तमानपत्रासारखा रकाने पाडलेला भला मोठा पदार्थांचा कागद. तुम्ही तो हातात धरून हरवून जाता.

आणि मग तो स्वतः येतो. एके काळी कमरेला तलवार लावून पाहुण्यांचं स्वागत करणारा हा माणूस. त्याच्या आठवणीची कीर्ती मोठी आहे: वीस वर्षांपूर्वी एकदोनदाच जेवून गेलेला चेहरा तो ओळखतो. परदेशी अधिकाऱ्यांशी त्यांच्या त्यांच्या भाषेत बोलतो, धंद्यापुरती भाषा त्याने शिकून घेतली आहे. तो तुमच्या कागदावर वाकतो. हे आज नको. हे मात्र लगेच सांगा, संपत आलंय. आणि कागदावर नसलेलं एक तुमच्यासाठी. यात काय घातलंय असं तुम्ही विचारता आणि तो सांगतो. सगळं सांगतो. मासा कुठला, लोणी कुठलं, वाईन किती आणि कधी घातली. मग तळघराची किल्ली काढून एक बाटली मागवतो. दीड हजारांहून जास्त वर्षांच्या प्रवासात तुमच्या प्रश्नाला पहिल्यांदा कोणी पूर्ण उत्तर दिलं आहे. तुमचा घसा दाटतो.

बिल येतं तेव्हा त्यातली प्रत्येक मेहेरबानी ओळीने मांडलेली असते. हे मी बनवून सांगत नाही. त्याच्याकडे जेवलेल्या ब्रिया-सावारँने 1825 च्या आपल्या पुस्तकात हाच अनुभव लिहिला आहे, तो प्रेमळ यजमान क्षणभर आणि नंतर तो वाढलेला आकडा. तरीही तुम्ही चिडून निघत नाही. त्याने लक्ष दिलं होतं, आणि लक्ष देणं हे काम आहे, कामाचे पैसे पडतात. ज्या पाटीवर खरा आकडा आधी दिसत नाही तिथे मात्र चिडायला हरकत नाही.

(रशियन सैनिक घाईने 'बिस्त्रा' म्हणत आणि त्यावरून 'बिस्त्रो' हा शब्द आला, अशी गोष्ट पॅरिसमध्ये पाहुण्यांना हमखास सांगतात. तो शब्द छापील फ्रेंचमध्ये दिसतो तो 1880 च्या दशकात. गोष्ट ऐका, पण वहीत लिहून घेऊ नका.)

खाडी ओलांडून चार वर्षं मागे. 1811, लंडन, पोर्टमन स्क्वेअरजवळचा जॉर्ज स्ट्रीट, घर क्रमांक 34. रस्त्यात तुम्हाला जो वास येतो त्याने पाय आपोआप थांबतात. भाजलेले धणे. हुक्क्याचा तंबाखू. हे 'हिंदुस्तानी कॉफी हाऊस', आणि मालक आहे पाटण्यात जन्मलेला दीन महोमेद. कंपनीच्या फौजेबरोबर हिंडलेला, आयर्लंडात लग्न केलेला, 1794 मध्ये इंग्रजीत प्रवासवर्णन छापून इंग्रजीत पुस्तक लिहिणारा पहिला हिंदी माणूस ठरलेला. मार्च महिन्यात त्याने 'टाइम्स'मध्ये जाहिरात दिली आहे: अस्सल चिलमीचा हुक्का आणि इंग्लंडात आजवर झाल्या नसतील अशा करी. आत वेताच्या खुर्च्या आहेत आणि भिंतींवर हिंदुस्थानची दृश्यं.

तुम्ही आज कोकणातल्या बंदरावरून आलेल्या खलाशाच्या अंगरख्यात आहात. जहाज गोदीत आहे, परतीची भरती अजून व्हायची आहे, आणि गोदीजवळच्या खानावळीत मिळतं ते काय आहे हे तुम्हाला कोणी सांगत नाही. डुकराची चरबी आहे का, एवढंच विचारायचं असतं. कोणी सांगत नाही म्हणून तुम्ही पाव खाता आणि झोपता. इथे, या दारात, विचारायचीही गरज नाही. नाकाला सगळं कळतंय. पण आत बसलेले आहेत ते कंपनीची नोकरी करून गबर होऊन परतलेले साहेब. हे घर त्यांच्या आठवणींसाठी उघडलं आहे. तुमच्या खिशाला ते परवडत नाही.

त्या साहेबांपैकी पुष्कळांच्या घरी हिंदी स्वयंपाकी होतेच, त्यामुळे तेही पुरेसे आले नाहीत. 1812 मध्ये दीन महोमेदने दिवाळं जाहीर केलं. पुढे ब्रायटनला त्याने चंपी-मालिशचं स्नानगृह काढून मोठं नाव मिळवलं, दोन राजांची सेवा केली. पण मला दरवेळी वाईट वाटतं ते त्या स्वयंपाकघराचं. ज्यांना तो वास खरोखर हवा होता ती माणसं काही मैलांवर गोदीत होती, आणि त्यांच्यासाठी असं घर उघडायला अजून शंभराहून जास्त वर्षं लागणार होती.

1888 चा शरद ऋतू. पुन्हा लंडन. तुमच्या पुढे एक एकोणीस वर्षांचा मुलगा चालला आहे. काठेवाडातून आलेला, बॅरिस्टर व्हायला. मुंबईहून 'क्लाईड' बोटीने निघाला तेव्हापासून त्याची पंचाईत चालू आहे. पी अँड ओच्या बोटींवर रांधणारे-वाढणारे बरेचसे गोव्याचे असत, एखाद्याशी हिंदुस्थानीत बोलता आलं असतं. पण काटा-चमचा धरता येत नाही आणि कशात मांस आहे हे विचारायचा धीर होत नाही, म्हणून त्याने केबिनमध्ये घरून आणलेली मिठाई आणि फळं खाऊन दिवस काढले. आता घरमालकीण उकडलेली भाजी वाढते, मीठ नाही, मसाला नाही. पावाचे दोनतीन तुकडे असतात, त्याहून जास्त मागायची लाज वाटते. मांस खाणार नाही असा शब्द तो आईला देऊन आला आहे. मोहनदास गांधी रोज दहाबारा मैल चालतो आहे, कुठे शाकाहारी खानावळ दिसते का ते बघत. दिसली नाही की स्वस्तातल्या ठिकाणी शिरून पोटभर पाव खातो, आणि समाधान होत नाही.

तुम्ही त्याच्या मागे मागे चालता. पायांत गोळे येतात. धुक्यात पाट्या वाचता वाचता डोळे चुरचुरतात. आणि मग फॅरिंग्डन स्ट्रीटवर तो एकदम थांबतो. दाराजवळच्या काचेत पुस्तकं मांडली आहेत, त्यांत हेन्री सॉल्टचं शाकाहाराची बाजू मांडणारं पुस्तक. तो एक शिलिंग देऊन ते घेतो आणि सरळ आत जातो. तुम्ही शेजारच्या बाकावर बसता. तो जेवतो. इंग्लंडात पाऊल ठेवल्यापासूनचं त्याचं हे पहिलं पोटभर जेवण आहे. काय वाढलं होतं ते त्याने आत्मकथेत लिहिलेलं नाही; हवी ती वस्तू हाती लागल्यावर मुलाला व्हावा तसा आनंद झाला, हे लिहिलं आहे. घास घेताना तो कोणालाच काही विचारत नाही. खाली मान घालून खातो. परदेशात महिनाभर अर्धपोटी राहिलेल्या कोणालाही ती खाली घातलेली मान ओळखता येईल.

पण तेवढ्याने संपत नाही. काही काळाने एक मित्र त्याला नाटकाला नेतो आणि आधी होबर्न रेस्टॉरंटमध्ये जेवायला. राजवाड्यासारखं दालन, चारी बाजूंना जेवणारी माणसं. या गर्दीत तो संकोचेल, विचारणार नाही, मुकाट खाईल, असा मित्राचा हिशेब आहे. सूप येतं. मुलगा बशीकडे बघतो. हात किंचित वर करून वाढप्याला बोलावतो. मित्राच्या लक्षात येतं, तो करड्या आवाजात विचारतो काय झालं. आणि मुलगा अडखळत सांगतो की हे सूप भाज्यांचं आहे का, एवढंच विचारायचं होतं.

सभ्य लोकांत बसायची तुझी लायकी नाही, बाहेर जाऊन थांब, अशा अर्थाचं मित्र बोलतो. मुलगा उठतो. तुम्हीही उठता. जवळच एक शाकाहारी खानावळ असते, ती बंद असते. त्या रात्री तो उपाशी नाटक बघतो. मैत्री तुटत नाही, दोघांपैकी कोणी हा विषय पुन्हा काढत नाही. पण प्रश्न विचारणं त्याने सोडलं नाही. शाकाहारी खानावळींतही पुडिंगात आणि केकमध्ये अंडं असे, आणि आईचा शब्द पाळायचा तर प्रत्येक वेळी पुन्हा विचारावं लागे.

इथे क्षणभर आजच्या युरोपात डोकावून येऊ. 13 डिसेंबर 2014 पासून युरोपीय संघातल्या कोणत्याही उपाहारगृहाला चौदा घटकांबद्दल गिऱ्हाइकाला माहिती द्यावीच लागते. दूध, अंडं, मासे, कवचाचे प्राणी, भुईमूग, तीळ, मोहरी, सेलरी आणि बाकीचे. ज्या प्रश्नासाठी एका मुलाला मेजावरून उठवलं गेलं, त्याचं निदान अर्धं उत्तर देणं आता कायद्याने बंधनकारक आहे. ही यादी ॲलर्जीची आहे, त्यामुळे मांसाचं पाणी तिच्यात नाही. होबर्नचं ते सूप आजही यादीतून निसटेल. पॅरिसचं कांद्याचं सूप पारंपरिक पद्धतीने गोमांसाच्या पाण्यात होतं, आणि इटलीच्या अस्सल पार्मेझानमध्ये वासराच्या जठरातलं विरजण असतं. एका शहरात मी 'मांस आहे का' असं विचारून असंच सूप प्यायले होते. वाढणाऱ्या मुलीने मनापासून नाही म्हटलं, कारण बशीत तुकडा नव्हता. दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हापासून मी 'मांस आहे का' विचारत नाही, 'कशाच्या पाण्यात शिजवलंय' असं विचारते. त्या मुलीवर माझा राग नाही. तिच्या शब्दात मांस म्हणजे तुकडा होता, माझ्या शब्दात ते पाणीही होतं.

डिसेंबर 1952. लंडनवर पिवळं धुकं उतरलं आहे, इतकं दाट की हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत. तुम्ही विद्यार्थी आहात. खोली मिळायला तीन आठवडे लागले. काही दारांवर काळ्यांनी येऊ नये अशी पाटी होती, काही दारं तुम्हाला बघून मिटली. महायुद्ध संपून सात वर्षं झाली तरी मांस, लोणी, साखर, चीज रेशनवर आहे. चहा नुकताच सुटला आहे. सरकारी दफ्तरी शाकाहारी म्हणून नाव नोंदवलं तर मांसाच्या कुपनांऐवजी जास्तीचं चीज मिळतं, म्हणून तुम्ही ते नोंदवलं आहे. ऑलिव्हचं तेल औषधाच्या दुकानात, लहान बाटलीत. घरमालकीण वाईट बाई नाही. थंडीत तिने आपली जुनी शाल तुम्हाला दिली. संध्याकाळी ती कोबी वाढते आणि तुम्ही सवयीने विचारता, यात काय घातलंय? ती खरं तेच सांगते. पाणी.

मग चार हिवाळे पुढे या. रेशन 1954 च्या जुलैत उठलं, कोबी मात्र तसाच आहे. महाराष्ट्र मंडळ या शहरात 1932 पासून आहे, आणि मराठी माणूस मराठी माणसाला गाठला की पहिल्या पाच मिनिटांत एक पत्ता देतो. उत्तर लंडनमधलं घर. लंडनच्या आजीबाई. राधाबाई बनारसे, विदर्भातल्या एका खेड्यातून आलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या, दुसरं लग्न करून इथे आलेल्या आणि इथेच पुन्हा एकट्या पडलेल्या. त्यांनी या गावात परक्यांना जेवू घालून आपलं घर उभं केलं. सरोजिनी वैद्यांनी पुढे त्यांची कहाणी पुस्तकात लिहिली आणि ती रंगमंचावरही आली; पण आज तुम्हाला त्यातलं काही माहीत नाही, तुम्हाला फक्त बस कुठे उतरायची ते माहीत आहे.

दार उघडण्याआधीच वास येतो. फोडणीचा. हिंग, मोहरी, हळद. ओट्यावरच्या रांजणापासून इथवर तुम्ही किती दारांत उभे राहिलात, आणि एकाही दारात हा वास तुमच्यासाठी नव्हता. बूट काढायला खाली वाकता तेव्हा डोळे चटकन पुसून घेता, धुक्याने चुरचुरल्याचं निमित्त आहे. दारातली बाई लुगड्यात आहे. ती नाव विचारत नाही, पैसे विचारत नाही. जेवण झालंय का, एवढंच विचारते, आणि उत्तराची वाट न बघता आत वळते.

ताट येतं. वरण, भात, भात मऊ, वर तूप. पोळीचा वरचा पदर अजून फुगलेला. एका बाजूला लोणचं, किती घालायचं ते त्यांचं त्यांनी ठरवलेलं. कोबीसुद्धा आहे, तोच इंग्रजी कोबी, पण बारीक चिरून, हरभऱ्याची डाळ घालून. शेजारी एक आंध्रचा मुलगा आणि एक पंजाबी जोडपं जेवत आहे. कोणी बोलत नाही. तुम्ही कालवता, आणि पहिल्या घासानंतर मान खाली जाते.

प्रश्न विचारायचा राहून गेला आहे हे तुमच्या तिसऱ्या पोळीला लक्षात येतं. तोवर वरणाचं पातेलं घेऊन त्या पुन्हा तुमच्या मागे उभ्या आहेत. तुम्ही पुरे म्हणून ताटावर हात आडवा धरता. त्या तो हात बाजूला सारतात आणि वाढतात.